घर दोघांचे, गाव उरलेल्याचे



मुंबई-पुण्याची पेढी मुलांच्या हाती सोपवावी आणि उरलेले आयुष्य एखाद्या शांत गावी घालवावे, हा विचार आपल्या समाजातील साठी उलटलेल्या अनेक घरांत सध्या बोलला जातो. त्यातही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे ओढा अधिक दिसतो. कोणाचे आजोळ कऱ्हाडचे असते, कोणाचे वडिलोपार्जित दुकान तासगावच्या पेठेत असते, तर कोणाचा या भागाशी काहीच संबंध नसतो. परंतु वाईच्या घाटावर एका संध्याकाळी बसल्यापासून ते गाव त्यांच्या मनातून जात नाही. विचार चांगला आहे. मात्र या एका निर्णयात आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग अडकतो आणि तो फसला तर पुन्हा मांडामांड करण्याइतके वय हाताशी उरत नाही. म्हणून गाव कसे निवडावे, याचा विचार या वेळी करू.

बहुतेक मंडळी गाव पाहायला दिवाळीच्या सुटीत येतात. पाऊस नुकताच सरलेला असतो, डोंगर हिरवे असतात, धरणे भरलेली असतात, हवेत गारवा असतो. एखादा दलाल गाडीत बसवून चार प्लॉट दाखवतो आणि पाचव्यापाशी इसाराची गोष्ट निघते. ज्यांनी आयुष्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय हळदीचा भाव बोलला नाही आणि ढेप फोडल्याशिवाय गूळ घेतला नाही, ती माणसे गाव मात्र वरच्या रंगावर घेतात. माल परत करता येतो. गाव परत करता येत नाही.

पूर्वजांची निवड

आपल्या पूर्वजांनीही कधीतरी गाव निवडलेच होते. शाहू महाराजांचा राज्याभिषेक 1708 साली साताऱ्यात झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. 1801 च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगली ही आपली राजधानी केली आणि कृष्णाकाठच्या त्या लहानशा वस्तीचे व्यापारी गाव झाले. अशा पेठांत कोणी गुजरातेतून आले, कोणी मारवाडातून, तर कोणी शेजारच्याच खेड्यातून. त्यांनी गाव पाहिले ते बाजार कोणत्या वारी भरतो, पाणी बारमाही आहे का, माल कोणत्या वाटेने येतो-जातो आणि अडीअडचणीला हाक मारावी असे शेजारी कोण आहेत, हे विचारून. डोंगर त्यांनाही दिसत होते. पण डोंगरासाठी कोणी बिऱ्हाड हलवले नाही. चार घरे स्थिर झाली की मग मंदिर उभे राहिले.

याविषयी आपल्या शास्त्रकारांनीही सांगून ठेवले आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त गृहस्थाचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत राहण्याच्या जागेचा विचार स्पष्टपणे येतो. घर अगदी उघड्यावर नसावे आणि फार आडबाजूसही नसावे. शेजार सज्जनांचा असावा. येण्याजाण्याची दारे फार नसावीत. आणि जे स्थान उपद्रवाने ग्रासले असेल ते सोडून द्यावे, असा त्याचा आशय. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त धर्माचरणास योग्य अशा गृहस्थाचे वर्णन करताना अनुरूप गृहिणी, अनुरूप स्थान आणि अनुरूप घर ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत. श्वेतांबर आणि दिगंबर अशा दोन्ही परंपरांतील या दोन थोर पुरुषांनी शोभेचा, हवेचा किंवा स्वस्ताईचा उल्लेख केलेला नाही. त्यांनी सुरक्षितता, शेजार आणि धर्माचरणाची सोय पाहिली. हीच फुटपट्टी आपल्या दोन जिल्ह्यांना लावून पाहू.

पाणी: अधिक आणि उणे

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, म्हसवडकडे, तो जेमतेम पाचशेच्या आसपास पडतो. सांगली जिल्ह्यात शिराळा आणि जत यांच्यातही असाच फरक आहे. म्हणून ‘साताऱ्याला स्थायिक व्हायचे’ किंवा ‘सांगलीला राहायचे’ या बोलण्याला फारसा अर्थ नाही. तालुका कोणता, गाव कोणते आणि गावातली आळी कोणती, इथपर्यंत प्रश्न नेला पाहिजे.

पूर्वेकडील तालुक्यांचा प्रश्न पाण्याच्या तुटवड्याचा. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या बाजूंना कृष्णेचे पाणी नेले आणि तेथील शेतीचे रूप पालटले. परंतु ते पाणी विजेवर उचलले जाते आणि आवर्तनाने येते, आणि मुख्यतः शेतासाठी येते. घराच्या नळाचा हिशेब निराळा असतो. तेव्हा शेजारचा ऊस पाहून पिण्याच्या पाण्याचा अंदाज बांधू नये. वाण्याच्या दुकानात बसून विचारावे, की उन्हाळ्यात टँकर कोणत्या आळीत येतो आणि नळ किती दिवसांआड सुटतो. आपल्या घरांत पाणी गाळून, उकळून वापरण्याचा नियम असतो. तेथे पाणी पुरेसे आहे की नाही याबरोबरच ते विहिरीचे, बोअरचे की नळयोजनेचे, हेही पाहावे लागते.

नदीकाठचा प्रश्न याच्या उलट. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पाठवले गेले, हे सर्वांना आठवत असेल. त्यानंतर तीनच वर्षांनी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, सांगलीच्या इर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. गणपती पेठेसारख्या भर बाजारपेठेत पाणी शिरले आणि व्यापाऱ्यांचा माल डोळ्यांदेखत भिजला. 2005 आणि 2021 या वर्षांतही शहराने महापूर पाहिला. सोळा-सतरा वर्षांत तीन मोठे पूर आले, तेव्हा त्याला केवळ अपवाद म्हणून चालणार नाही.

हरिपूरचे उदाहरण व्यापाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावी जमिनीत खोल पेवे खोदून त्यांत हळद साठवली जात असे. तेथील माती अशी की हळद दीर्घकाळ टिकावी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ती जागा पारखलेली होती. तरीही 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि मोठे नुकसान झाले. ‘आमच्या आजोबांच्या काळापासून इथे कधी पाणी आलेले नाही’ हे वाक्य जमीन विकणारा खरेपणाने म्हणत असेलही. पण ते वाक्य हमीपत्र नव्हे. नगरपालिका किंवा महापालिकेच्या कार्यालयातून पूररेषेचा नकाशा पाहावा आणि 2019 साली या अंगणात पाणी कुठवर होते, हे शेजारच्या दोन-तीन घरी स्वतंत्रपणे विचारावे. उत्तरे जुळली तर ठीक.

पश्चिमेकडील डोंगरउतारांचा धोका तिसरा. 2021 च्या जुलैमध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. तीव्र उतार कापून काढलेल्या सपाट प्लॉटवरून दिसणारे दृश्य कितीही विलोभनीय असले, तरी वरची माती कोणी धरून ठेवली आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. याच पट्ट्यात 11 डिसेंबर 1967 रोजी कोयनेचा भूकंप झाला होता. तेव्हा बांधकाम कसे आहे हेही अनुभवी अभियंत्याकडून पाहून घ्यावे.

सार एवढेच, की गाव एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा जुलैच्या अखेरीस पाहावे. या दोन परीक्षांत जे उतरले, ते दिवाळीत चांगले दिसणारच आहे.

कागद

खेड्यात स्वस्त मिळणारी जमीन बहुधा शेतजमीन असते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 चा हा निर्बंध आहे. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित शेती आहे, त्यांनी आपले नाव सातबाऱ्यावर लागले आहे का, हे आधी तपासावे. अनेक व्यापारी घरांत आजोबांनंतर वारसनोंदच झालेली नसते आणि ही गोष्ट खरेदीच्या दिवशी लक्षात येते. ‘प्लॉट लवकरच बिगरशेती होणार आहे’ या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. तुकडेबंदीच्या नियमांत वेळोवेळी बदल होत आले आहेत. म्हणून गुंठ्यांत जमीन विकणाऱ्याच्या तोंडी माहितीवर न विसंबता, खरेदीच्या दिवशी लागू असलेला नियम वकिलाकडून लेखी घ्यावा.

सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना मी नेहमी सर्वांत आधी वाचत असे. सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, बहिणींचे हक्क, पुनर्वसनाचा शेरा, हे सारे तेथे भेटते. ‘भोगवटादार वर्ग 2’ असे लिहिलेले असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून व्यवहार करू नये. मालकीचा किमान 30 वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश केंद्र सरकारने 2001 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला असून तेथे बांधकामावर कडक मर्यादा आहेत. तेथील ‘सर्व काही करून देतो’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘पुढचे तुमचे तुम्ही पाहा’ असाच निघतो.

वैद्य किती मिनिटांवर?

साठीनंतर अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावे. आणि तेही रात्री दोन वाजता, पावसात. मिरजेला वैद्यकीय सेवेची जुनी परंपरा आहे. डॉ. वानलेस यांनी 1894 साली तेथे रुग्णालय सुरू केले आणि पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले. कऱ्हाड आणि सातारा येथेही मोठी रुग्णालये आहेत. परंतु प्रश्न जिल्ह्यात रुग्णालय आहे का हा नसून, आपल्या दारापासून तेथे पोहोचायला किती वेळ लागतो हा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या ठिकाणाहून निघते आणि ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला तर दुसरा रस्ता कोणता, हे घर घेण्याआधीच ठाऊक असावे.

ही अडचण आपल्याकडचीच नाही. फ्रान्सच्या खेड्यांत शहरांतून आणि परदेशांतूनही पुष्कळ लोक जुनी दगडी घरे घेऊन राहायला जातात. त्या देशात सुमारे 35,000 लहानमोठ्या ग्रामसंस्था आहेत आणि घरे आपल्या शहरांच्या मानाने पुष्कळदा स्वस्त. तरीही ज्या भागांत डॉक्टर उरलेले नाहीत, त्यांना तिकडे ‘वैद्यकीय वाळवंट’ असे नाव पडले आहे. रस्ते गुळगुळीत, सरकार समर्थ, विमा सर्वांना. आणि तरी म्हाताऱ्या माणसाला गावात वैद्य सापडत नाही. तेथे जाऊ इच्छिणाऱ्यालाही गावात दवाखाना आहे का, पावाचे दुकान बाराही महिने उघडे असते का आणि हिवाळ्यात शेजारच्या घरांतून दिवे दिसतात का, हे पाहावे लागते. दिवे दिसतात का, हा प्रश्न आपणही विचारावा. विटा-आटपाडी भागातून गलाई व्यवसायासाठी देशभर गेलेल्या बांधवांनी मोठ्या प्रेमाने आपापल्या गावी बंगले बांधले आहेत. त्यांतील पुष्कळ बंगले वर्षाचे अकरा महिने बंद असतात. अशा बंद बंगल्यांच्या रांगेत आपले एकच उघडे घर असणे, हे दिवसा शांत वाटते. रात्री तसे वाटत नाही.

साधर्मी आणि शेजार

धर्माचरण हे आपल्या दिनक्रमाचे अंग आहे. सकाळी दर्शन-पूजा, सूर्यास्तापूर्वी भोजन, पर्वतिथींना उपवास, चातुर्मासात साधू-साध्वींचे व्याख्यान. मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर हे सारे आपोआप घडते. गाडी काढावी लागली की महिन्याभरात ते रविवारपुरते उरते. देरासर असो वा बस्ती, ते घरापासून किती पावलांवर आहे, हे पहिल्याच फेरीत मोजावे. मुनिमहाराजांचा विहार त्या बाजूने होतो का, गोचरी किंवा आहारदानाची संधी मिळते का, हेही विचारावे. ज्यांच्या घरी आयुष्यभर ही परंपरा चालली, त्यांना तिची उणीव पहिल्या वर्षी जाणवत नाही, दुसऱ्या वर्षापासून जाणवू लागते.

पालनपूरचे हिरे व्यापारी बेल्जियममधील अँटवर्पला गेले, तेव्हा भाषा परकी, हवा परकी, आहार तर पूर्णच परका होता. तरी ते टिकले, कारण ते बाजाराजवळ आणि एकमेकांजवळ राहिले आणि पुढे त्यांनी शहरालगत भव्य जिनालयही उभारले. परमुलखात टिकून राहण्याचे रहस्य बहुतेक वेळा एवढेच असते. साधर्मी हाकेच्या अंतरावर हवा.

तथापि केवळ साधर्मीच नव्हे, गावही आपले व्हावे लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म कुंभोजच्या जैन कुटुंबातला. त्यांनी 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 पासून साताऱ्याला आपली कर्मभूमी केली. आज सातारा त्यांना बाहेरून आलेला म्हणत नाही. आपण कोणी कर्मवीर नव्हे. परंतु गावच्या शाळेतील मुलांना आठवड्यातून दोन दिवस हिशेब शिकवणे, पतसंस्थेच्या कागदांत मदत करणे किंवा पांजरपोळाच्या कामात हातभार लावणे एवढे कोणालाही जमते. तालुक्याच्या अनेक गावांत आपली पूर्वी दहा-पंधरा घरे होती, आता दोन-तीन उरली आहेत आणि मंदिराची नित्यपूजा पगारी पुजाऱ्यावर चालते. अशा ठिकाणी एक जोडपे राहायला गेले, तर त्या मंदिराचे दार रोज कोणा श्रावकाच्या हाताने उघडेल. गाव निवडताना आपल्याला काय मिळेल याच्या यादीशेजारी आपण काय देऊ शकू याचीही यादी करावी. दुसरी यादी कोरी राहिली, तर पहिली फार काळ पुरत नाही.

पैसा

गावाकडचे घर घेणे सोपे, विकणे कठीण. शहरातील सदनिकेला गिऱ्हाईक सहज मिळते. खेड्यातील बंगल्याला ते वर्षानुवर्षे मिळत नाही आणि मिळाले तर बांधकामाचा खर्च निघत नाही. म्हणून निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून आधी दहा वर्षांचा घरखर्च आणि आजारपणाची तरतूद वेगळी काढावी; तिला हात न लावता जे उरेल, त्यातच घर बसवावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पती-पत्नी प्रत्येकी 30 लाखांपर्यंत ठेवू शकतात, त्याचा विचार विटांच्या आधी करावा. शहरातील घर विकून गावात बांधणे, हे तर पहिल्या वर्षी मुळीच करू नये.

पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे. आषाढापासून ज्येष्ठापर्यंत सर्व ऋतू एकाच गावी पाहावेत. ‘भाडे म्हणजे पैसे पाण्यात’ असे आपण व्यापारी माणसे म्हणतो; पण बारा महिन्यांचे भाडे ही येथे मालाच्या नमुन्याची किंमत आहे. आणि परिग्रह-परिमाणाच्या व्रतात क्षेत्र आणि वास्तू यांची मर्यादा अगदी आरंभीच येते, हेही विसरू नये. उतारवयात जमीन वाढवण्यापेक्षा ती आवरणे अधिक शोभते.

उरलेला एक

आता मुख्य मुद्दा. बँकेत पती-पत्नीचे संयुक्त खाते उघडताना अर्जावर एक सूचना लिहून घेतली जाते. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. म्हणजे दोघांपैकी कोणीही, किंवा जो मागे राहील तो. माझ्या नोकरीच्या काळात ही सूचना मी असंख्य अर्जांवर पाहिली. सही करताना शेवटचा शब्द कोणी मोठ्याने वाचत नाही. सारेच ‘आयदर’वर सही करतात, आणि एक दिवस ‘सर्व्हायव्हर’ एकटाच काउंटरवर येतो.

खात्याला ही सूचना लागू पडते. घराला लागू पडत नाही. घर दोघांच्या नावावर असले, तरी गेलेल्याचा हिस्सा वारसा कायद्याने जातो. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर पतीच्या हिश्श्यात पत्नीबरोबर मुले-मुली आणि हयात असल्यास आई, हे सारे समान वाटेकरी होतात. म्हणून घराच्या खरेदीखताबरोबरच दोघांनी मृत्युपत्रे करून ठेवावीत. नामनिर्देशन केलेली व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हेही घरात सर्वांना समजावून सांगावे.

पण कागदाने घर राखता येते, गाव राखता येत नाही. गावाच्या बाबतीत ‘सर्व्हायव्हर’ची सूचना निवडीच्या वेळीच पाळावी लागते. बहुतेक घरांत गाव निवडतो पुरुष. त्याला शेती हवी असते, मोकळी हवा हवी असते, गाडी तोच चालवतो, दलालाशी तोच बोलतो. मात्र वयातले अंतर आणि आयुर्मान पाहता, मागे राहणारी व्यक्ती पुष्कळदा पत्नी असते. तेव्हा प्रश्न असा विचारावा, की मी नसताना ही बाई या गावात एकटी राहू शकेल का? गाडीशिवाय तिला मंदिरात जाता येईल का? दूध, भाजी, औषध तिला पायी आणता येईल का? तिच्याशी दुपारी चार वाजता बोलायला कोण आहे? घरात गुजराती किंवा मारवाडी बोलणाऱ्या बाईला शेजारणीशी मराठीत मन मोकळे करता येते का? बँकेचे, विजेचे, ग्रामपंचायतीचे काम तिला ठाऊक आहे का? पत्नी आधी गेली, तर हेच प्रश्न उलटे विचारावेत: स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेल्या या माणसाला सूर्यास्तापूर्वी शुद्ध जेवण कोण देईल?

ही प्रश्नावली लावली की बरीच गावे आपोआप गळतात. गावाबाहेरचे शेतघर गळते, डोंगरउतारावरचा प्लॉट गळतो, नदीकाठची स्वस्त जागा गळते. आणि फारसे कौतुक न होणारी काही ठिकाणे वर येतात: वाई, फलटण, कऱ्हाड, विटा, तासगाव यांसारख्या तालुक्याच्या गावांतील जुन्या पेठेजवळचे, पूररेषेच्या वरचे, दोन खोल्यांचे साधे घर. खिडकीतून डोंगर दिसेल न दिसेल. पण खाली दुकान असते, समोर शेजारी असतो, मंदिराची घंटा ऐकू येते आणि दोन दिवस दार उघडले नाही तर कोणीतरी ते ठोठावते. ज्यांना डोंगर पाहायचेच आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा गाडी करून जावे. डोंगर कुठे जात नाहीत.

याच कारणासाठी गाव दोघांनी मिळून निवडावे, आणि अखेरचा शब्द ज्याच्या एकटे राहण्याचा संभव अधिक, त्याचा असावा. पंडित आशाधरांनी गृहिणी, स्थान आणि घर ही एकत्र सांगितली, यातील मर्म कदाचित हेच असेल. भाड्याच्या त्या पहिल्या वर्षात पतीने आठ-पंधरा दिवस मुद्दाम बाहेरगावी जावे आणि पत्नीने तेथे एकटीने राहून पाहावे. परतल्यावर तिला हवेबद्दल विचारू नये. या दिवसांत किती घरी जाऊन आलीस आणि किती जणी तुझ्याकडे येऊन गेल्या, एवढेच विचारावे. तिचे उत्तर ऐकल्यावर इसाराचा धनादेश लिहावा किंवा पेन खिशात ठेवावे.

जय जिनेंद्र.